काळा धागा आणि नाइट मोड

चेंबूरचं नाव काढलं की सिनेमाप्रेमी मंडळी लगेच आर. के. स्टुडिओवर येतात. साहजिक आहे. सायन-ट्रॉम्बे रोडवरून बसने जाताना ते फाटक बघितलं नाही असा जुना चेंबूरकर विरळाच. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथे मोठी आग लागली, २०१९ मध्ये गोदरेज प्रॉपर्टीजने ती जागा विकत घेतली, आणि त्यावर भरपूर उसासे टाकून झाले. असो. आज मला लिहायचंय ते चेंबूरच्या दुसऱ्या स्टुडिओबद्दल. त्याच्यासाठी कुणी फारसे उसासे टाकले नाहीत. त्याचं नाव बसंत स्टुडिओ.

लिहायचं कारण असं की, ऑफिसात कुणी नवीन फोन घेतला की जेवणाच्या टेबलावर तोच वाद नव्याने सुरू होतो. एक पार्टी म्हणते, "फोटोग्राफी आता राहिलीये कुठे? सगळं फोनच करतो." दुसरी पार्टी म्हणते, "मग बिघडलं काय? फोटो चांगला आला ना!" मी दोन्हीकडून बोलून बघितलंय आणि दोन्हीकडून बोलताना काहीतरी निसटतंय असं वाटत राहिलं. ते काय निसटतंय, ते मला बसंत स्टुडिओच्या गोष्टीत सापडलं.

तर आधी इतिहास. होमी वाडिया आणि त्यांचे थोरले भाऊ जे. बी. एच. वाडिया यांची कंपनी वाडिया मूव्हीटोन. 'हंटरवाली' (१९३५) त्यांचाच, फिअरलेस नादियाचा. हातात चाबूक, तोंडावर मुखवटा आणि समोर गुंडांची रांग! (परळला वाडियांचा जो स्टुडिओ होता तिथेच पुढे व्ही. शांताराम यांचं राजकमल कलामंदिर उभं राहिलं.) होमींनी १९४२ मध्ये बसंत पिक्चर्स ही स्वतःची कंपनी काढली आणि १९४७ मध्ये चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ. १९८१ पर्यंत तो चालला. तिथल्या सिनेमांना समीक्षकांनी कधी डोक्यावर घेतलं नाही. पौराणिक कथा, अरबी सुरस कथा, स्टंट. पण या सिनेमांची एक गरज होती. हनुमान उडायला हवा, राक्षस गायब व्हायला हवा, बाणातून आग निघायला हवी. आणि कंप्युटर नावाची वस्तू तर आसपास नव्हतीच.

हे सगळं ज्यांनी करून दाखवलं त्यांचं नाव बाबूभाई मिस्त्री. जन्म १९१८, सुरतचे. बसंतचा 'संपूर्ण रामायण' (१९६१) त्यांनीच दिग्दर्शित केला. पण सिनेसृष्टीत त्यांची ओळख होती 'काळा धागा' या टोपणनावाने. त्याची गोष्ट चेंबूरच्या आधीची आहे. 'द इनव्हिजिबल मॅन' हा हॉलिवूडचा सिनेमा १९३३ साली आला. दिग्दर्शक विजय भट यांना तसंच काहीतरी आपल्याकडे करायचं होतं. 'ख्वाब की दुनिया' (१९३७) हा तो सिनेमा, आणि हे काम त्यांनी ज्या पोरावर सोपवलं त्याने अजून विशीही गाठली नव्हती. अदृश्य माणूस वस्तू हलवतोय हे दाखवायला बाबूभाईंनी मागे काळा पडदा लावला आणि वस्तूंना काळा धागा बांधला. काळ्यावर काळं दिसत नाही. वस्तू आपोआप हवेत फिरताना दिसल्या. बस्स, एवढंच!

'बस्स, एवढंच' म्हणालो खरं, पण इथेच थोडं थांबून बघण्यासारखं आहे. यातलं कौशल्य नक्की कशात होतं? धागा कुणीही बांधेल. काळा पडदा बाजारात मिळतो. खरी गोष्ट अशी की, फिल्मला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे त्या मुलाला ठाऊक होतं. डोळ्याला जवळून तो धागा दिसत असणारच. पण फिल्मवर फक्त प्रकाशाची नोंद होते. जिथून प्रकाश आला नाही, तिथे फिल्म कोरी राहते. म्हणजे फिल्मच्या दृष्टीने काळं हा रंगच नाही, ती रिकामी जागा आहे. हे एकदा पक्कं डोक्यात बसलं की धाग्यावर, पडद्यावर किती उजेड पडू द्यायचा, लेन्सचं तोंड किती उघडायचं, हे सगळं त्यातून ठरत जातं. थोडा उजेड जास्त झाला की धागा दिसला. थोडा कमी झाला की वस्तूच दिसेना.

आणि याच रिकाम्या जागेवर जुन्या ट्रिक फोटोग्राफीचा अर्धा संसार उभा आहे. साधा डबल रोल घ्या. एकाच फ्रेममध्ये एकच नट डावीकडेही हवा आणि उजवीकडेही. कॅमेरा जमिनीला खिळल्यासारखा घट्ट बसवायचा. लेन्ससमोर अर्ध्या भागात काळा पुठ्ठा लावायचा, म्हणजे उजवी बाजू कोरी राहिली. डावीकडचा सीन घ्यायचा. मग लेन्स झाकून तीच फिल्म उलटी गुंडाळायची, मोजून, अगदी त्याच फ्रेमपर्यंत. आता पुठ्ठा डाव्या बाजूला. नट कपडे बदलून उजवीकडे उभा राहतो, मघाशी स्वतःच बोललेल्या वाक्यांना उत्तरं देतो, आणि दोघांची नजरानजर जुळायला हवी. जोडाची रेघ भिंतीच्या कडेवर नाहीतर खांबावर बेतलेली असते, म्हणजे डोळ्याला खुपत नाही. उजवीकडच्या टेकमध्ये चूक झाली तर डावीकडचाही गेला, कारण दोन्ही एकाच फिल्मवर. आणि जमलं की नाही हे कळणार लॅबमधून फिल्म धुऊन आल्यावर!

आपल्या भाषेत सांगायचं तर अनडू नाही, बॅकअप नाही, टेस्ट एन्व्हायर्नमेंट नाही. थेट प्रॉडक्शनवर काम.

ही विद्या आपल्याकडे बाबूभाईंच्याही आधीची. दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी फोटोग्राफर होते, छपाईच्या धंद्यात होते, आणि 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोगही करायचे (फाळके उलटं वाचा). १९१२ मध्ये त्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. पैसे घालणाऱ्याला पटवण्यासाठी पहिली फिल्म केली ती एका वाटाण्याची. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम असं महिनाभर चित्रण केलं. पडद्यावर वेल भराभर वर चढली. आज याला टाइम लॅप्स म्हणतात आणि फोनमध्ये त्याचं एक बटण असतं. पुढे 'श्रीकृष्ण जन्म' (१९१८) मध्ये कंसाचं मुंडकं धडावेगळं होऊन वर तरंगतं आणि परत जागेवर येऊन बसतं. त्या काळच्या प्रेक्षकांचं काय झालं असेल, कल्पना करा.

फाळक्यांच्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त आवडणारी व्यक्ती म्हणजे सरस्वतीबाई फाळके. त्यांनी आणलेल्या कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं नसायची. ती आपली आपण पाडून घ्यायची. भोकं जरा इकडेतिकडे झाली की पडद्यावर चित्र थरथरणार. १९१३ साली दादरच्या घरात सरस्वतीबाई दिवसभर युनिटचा स्वयंपाक सांभाळून रात्री अंधारात ही भोकं पाडत. फिल्म धुण्याची रसायनं करत, आणि शूटिंगच्या वेळी नटांच्या चेहऱ्यावर उजेड परतवायला उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत. 'राजा हरिश्चंद्र'ची ३७०० फूट फिल्म अशी तयार झाली. कॅमेऱ्यामागे होते त्र्यंबक तेलंग. त्यांना कॅमेरा चालवायला फाळक्यांनीच शिकवलं. हाताने हँडल फिरवायचं, एका फेऱ्यात ८ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे. हात हळू चालला तर पडद्यावर माणसं पळायला लागणार.

आता इथे जुन्याचं कौतुक करणारा भावुक होतो आणि म्हणतो, "बघा, याला म्हणतात कौशल्य!" थांबा थोडं. फिल्मला हाताने भोकं पाडावी लागत नाहीत याचं कुणाला दुःख आहे? कारखान्यातून भोकं पाडून फिल्म यायला लागली तेव्हा सरस्वतीबाईंची एक रात्रपाळी वाचली, बाकी काय बिघडलं?

फोटोग्राफीचा सगळा इतिहास असाच आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली १८५४ मध्ये, म्हणजे आपली पहिली रेल्वे धावली त्याच्या पुढच्याच वर्षी. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे इथल्या सुरुवातीच्या फोटोग्राफरांपैकी एक. त्या काळी ओल्या काचेवर फोटो निघे. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायचा. हातात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं, आणि मुंबईच्या उन्हाळ्यात तेवढीही नाहीत. फोटोग्राफर बाहेर निघाला की बरोबर अंधाराचा तंबू आलाच. मग कोरड्या काचा आल्या आणि तंबू गेला. १८८८ मध्ये कोडॅकने १०० फोटोंचा रोल भरूनच कॅमेरा विकायला काढला. फोटो संपले की आख्खा कॅमेरा कारखान्यात पाठवायचा, ते धुऊन, नवा रोल भरून परत देणार. तेव्हाही जाणकार म्हणाले असतीलच, "आता काय, कुणीही फोटो काढेल!" आणि काढलेच की लोकांनी.

एक उलट उदाहरण बघा. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी लंडनहून २१ गिनींना कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. फिल्म धुवायला बोटीने लंडनला! कुस्ती लागली मुंबईत आणि ती फिल्मवर आलीये का, हे समजायला समुद्र ओलांडून जाणं-येणं. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर लगेच फोटो बघून पुन्हा काढणाऱ्याला कमी लेखणाऱ्यांनी सावेदादांना विचारून बघावं. त्यांनी तो स्क्रीन आनंदाने घेतला असता.

म्हणजे कष्ट गेले म्हणून कौशल्य गेलं, असं म्हणता येत नाही. मग काय गेलं?

माझं म्हणणं असं. जुन्या पद्धतीत कष्ट आणि निर्णय एकमेकांना चिकटलेले होते. माझे काका नव्वदच्या दशकात नात्यातल्या लग्नांचे फोटो काढायचे. रोल ३६ फोटोंचा. मुहूर्त ते वरात ३६ मध्ये बसवायची म्हणजे बटण दाबायच्या आधी विचार करावाच लागे. मोठेपणामुळे नव्हे हो, रोल महाग म्हणून. बाबूभाईंना फिल्म उलटी गुंडाळायची असे, म्हणून काय कोरं राहणार हे आधी ठरवावं लागे. कष्ट माणसाला निर्णयाच्या दारात आणून उभं करायचे. आता कष्ट गेले, पण निर्णय कुठे गेले? ते संपलेले नाहीत. ते कुणीतरी घेतंच. फक्त ते आपण घेत नाही, आणि कुणी घेतले हे आपल्याला दिसत नाही.

आता फोनच्या पोटात शिरू. इंजिनिअरिंगला असताना इमेज प्रोसेसिंगचा पेपर होता, त्याचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग होतोय. :) रात्री तुम्ही बटण दाबता तेव्हा फोन एक फोटो काढत नाही. तो पटापट बऱ्याच फ्रेम घेतो, हाताच्या थरथरीमुळे सरकलेल्या फ्रेम एकमेकींवर बरोबर बसवतो, त्यांची सरासरी काढून दाणे घालवतो आणि मग उजेड वाढवतो. गूगलने नोव्हेंबर २०१८ मध्ये पिक्सेल फोनवर नाइट साइट आणलं, त्यात १५ पर्यंत फ्रेम वापरल्या जात. अॅपलचा नाइट मोड २०१९ मध्ये आयफोन ११ बरोबर आला. म्हणजे बघा, एकावर एक एक्सपोजर चढवणं, बाबूभाईंचाच खेळ! फक्त मोजणारा माणूस जाऊन तिथे प्रोसेसर आला.

आणि गंमत म्हणजे नाइट साइट बनवणाऱ्यांसमोर एक अजब अडचण आली. अंधारातलं इतकं दिसायला लागलं की रात्रीचा फोटो दिवसासारखा दिसू लागला. मार्क लेव्हॉय आणि त्यांच्या टीमने मग चित्रकारांकडे बघितलं. चित्रकार रात्र कशी रंगवतात? सावल्या मुद्दाम काळ्या ठेवून, सगळीकडून अंधाराने वेढून. टीमने तशीच सोय सॉफ्टवेअरमध्ये केली, सावल्या परत काळ्याकडे ढकलल्या. मला हे वाचून फार बरं वाटलं. कारण याचा अर्थ, कोडमध्येही कुणीतरी बसून ठरवलंच होतं की रात्र किती काळी असावी. कौशल्य संपलं नव्हतं, ते कॅलिफोर्नियात एका टीमच्या टेबलावर गेलं होतं. अडचण एवढीच की त्यांनी ते एकदा ठरवलं, आणि मग ते लाखो लोकांच्या रात्रींना लागू झालं. त्यात चेंबूरची रात्रही आली.

आपण सगळे डीफॉल्ट व्हॅल्यू लिहिणारी माणसं आहोत. डीफॉल्टची ताकद काय असते हे आपल्याला वेगळं सांगायला नको. सेटिंग्जमध्ये जाऊन ते बदलणारे किती असतात?

आता पुन्हा आर. के. स्टुडिओकडे येऊ, कारण तिथे काळ्या रंगाचं दुसरं रूप होतं. राधू कर्मकार हे 'आवारा' (१९५१) पासून राज कपूरचे कॅमेरामन. 'आवारा'तली ती वादळी रात्र आठवा, जज्ज रघुनाथ संशयाने बायकोला घराबाहेर काढतो ती. नसेल बघितला तर जरूर बघा, आणि चेहऱ्यांकडे नको, सावल्यांकडे बघा. कृष्णधवल फिल्ममध्ये माणूस भिंतीपासून वेगळा दाखवायला रंगाची मदत नसते. मागून उजेड टाकून केसांना, खांद्यांना कड द्यायची आणि बाकीचं अंधारात सोडायचं. चेहऱ्याचा अर्धा भाग काळा ठेवला की त्या माणसाच्या मनात काय चाललंय याची शंका यायला लागते. तो काळा भाग फोनच्या हाती दिला तर तो इमानेइतबारे उजळून टाकेल, कारण त्याला शिकवलंय की चेहरा नीट दिसला पाहिजे. वाढदिवसाच्या फोटोत ते बरोबरच आहे. आजीचा पंचाहत्तरीचा फोटो अंधुक हॉलमध्येही स्वच्छ येतो, तेव्हा मीही त्या टीमला मनातून दुवा देतो. पण जज्ज रघुनाथचा चेहरा स्वच्छ दिसला तर सिनेमाच संपला.

२०२३ च्या मार्चमध्ये चंद्राचं प्रकरण गाजलं होतं, ते आठवत असेल. एकाने चंद्राचा फोटो मुद्दाम धूसर करून मॉनिटरवर लावला आणि सॅमसंगच्या फोनने त्या स्क्रीनचा फोटो काढला. फोटोत चंद्रावर असे तपशील उमटले, जे समोरच्या चित्रात नव्हतेच. कंपनीनेही सांगितलं की चंद्र ओळखून त्याचे तपशील सुधारणारं एआय त्यात आहे. लोक चिडले. पण मला विचाराल तर 'खोटं' हा आक्षेप अपुरा आहे. बाबूभाईंचा उडणारा हनुमानही खोटाच होता की! फरक असा की तिथे खोटं कुठे आहे हे ते करणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. धागा त्याच्या हातात होता. चंद्राच्या फोटोत धागा दुसऱ्याच कुणाच्या हातात, आणि फोटो काढणाऱ्याला वाटतंय की हात आपलाच.

म्हणून त्या टेबलावरच्या वादात मी आता एवढंच म्हणतो. फोन वापरा, बिनधास्त वापरा. भोकं पाडत बसू नका. पण फोन तुमच्या वतीने काय काय ठरवतोय याची यादी एकदा करून बघा. किती उजळ, काय ठळक, कुणाची त्वचा किती गोरी, आकाश किती निळं. त्यातलं जे तुमच्यासाठी महत्त्वाचं असेल, तेवढं परत मागून घ्या. कौशल्य म्हणजे मला आज एवढंच वाटतं, आणि ते महागड्या कॅमेऱ्याशिवाय जमण्यासारखं आहे.

पटत नसेल तर बाबूभाईंचा प्रयोग घरीच करा. मी आणि माझ्या भाच्याने गेल्या रविवारी केला. मागे काळी चादर, पुढे शिवणाच्या डब्यातल्या काळ्या धाग्याला टांगलेला पांढरा कप, बाजूने टेबल लॅम्प. ऑटोवर ठेवून बटण दाबा. फोनला दिसतं की जवळजवळ सगळी फ्रेम काळी आहे, म्हणजे उजेड कमी पडलाय, आणि तो सगळंच उजळवतो. चादर राखाडी होते, तिच्या सुरकुत्या दिसतात आणि धागा छान स्पष्ट दिसतो! अख्खी जादू फसते. मग स्क्रीनवर कपावर बोट ठेवा, सूर्याचं चिन्ह येईल, ते हळूहळू खाली ओढा. चादर काळी होत जाते, सुरकुत्या जातात, आणि एका ठिकाणी धागा नाहीसा होतो. कप हवेत.

भाच्याने तो फोटो वर्गात सगळ्यांना दाखवला. "कुठल्या अॅपने केलास?" असं मुलांनी विचारलं म्हणे. त्याने सांगितलं, "धाग्याने."